कातळावरची मुसळी

माझ्या वडिलांचा मुसळीचा वाफा बघून कुणालाही हसू आलं असतं. मुरबाडकडच्या आमच्या डोंगरगावात, घरामागे, एका ओळीत जाडजूड रोपं तर शेजारच्या ओळीत मरतुकडी. प्रत्येक ओळीच्या टोकाला खूण म्हणून काठी रोवलेली: ओढ्याकाठच्या मुसळीला कुड्याची, रानातलीला सागाची, वरच्या कातळावरून आणलेलीला करवंदीची. गावातल्या बाळंतिणींना बाबा या मुळांची पूड देत. ओळींची सरमिसळ झाली की मात्र त्यांचं डोकं फिरे.

नव्वदनंतर धसईपर्यंत व्यापाऱ्यांच्या गाड्या येऊ लागल्या आणि जो तो पहार घेऊन डोंगरावर मुसळी खणायला धावला. बी पडेपर्यंत थांबायची रीत कुणी पाळेना. मी तेव्हा बारावी सायन्स होऊन घरी बसलेले, अंगात शहाणपण मावत नव्हतं. बाबा चार दिवस सापगावला आत्याकडे गेले, तेवढ्यात मी सागाच्या नि करवंदीच्या ओळींतली किरकोळ रोपं उपटली आणि तिथं ओढ्याकाठच्या जाड मुळ्या लावल्या. काठ्या जागच्या जागी ठेवल्या. पीक आलं की सांगू म्हटलं. उपटलेल्यांची कोवळी पानं भाजीत गेली, मुळं उकिरड्यावर. परत आल्यावर बाबांनी भाजी दोनदा मागून घेतली.

श्रावणात पाऊस हटेना. वाफ्यात पाणी साचलं आणि आठवड्यात सगळी पानं पिवळी पडली. मूळ हातात घेतलं की चिखल व्हायचा.

"करवंदीची ओळ राहील," बाबा म्हणाले. "कातळावर पावसाळाभर पान्यातच असती ती. तिला काय होत नाय."

त्यांनी तिथं उकरलं. तिथलंही मूळ जाड होतं, आणि सडलेलं. कुदळ घेऊन ते कातळावर गेले, मी मागोमाग. कातळावर नुसते खड्डे होते. एक रोप शिल्लक नव्हतं.

"आपली, वाफ्यातली, कुठं गेली गो?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. लाज वाटत होती, आणि रागही येत होता; माझाच.

"म्हंजे ती भाजी..."

"हो."

बाबा खड्ड्याच्या कडेला बसले. त्यांनी मला एक ठेवून द्यायला हवी होती.

"चांगली झालती," ते म्हणाले.