आरगॉन बंद, डाग तसाच

पंपवाल्या काकांना प्रयोगशाळेत सगळे वचकून असत. सव्वीस वर्षं निर्वात पेटीचे पंप सांभाळलेला माणूस. कुणी नट जरा जास्त आवळला, की त्याची बिनपाण्याने झालीच समजा.

पेटीतलं काम सांगायला सोपं. लेसरचे अतिसूक्ष्म काळाचे झटके आरगॉन वायूच्या फवाऱ्यावर मारायचे, की त्यातून फार छोट्या तरंगलांबीचा नवा प्रकाश निघतो. तो हवेत टिकत नाही, म्हणून निर्वात पेटी. पुढे केसाहून पातळ ॲल्युमिनियमची पापुद्र्यासारखी चकती. तिने मूळ लेसर अडवायचा आणि नवा प्रकाश तेवढा कॅमेऱ्याकडे सोडायचा. संशोधन करणाऱ्या एका मुलीची पीएचडी या प्रकाशापायी तीन वर्षं अडली होती. तीन आठवड्यांपूर्वी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर त्या प्रकाशाचा ठसठशीत डाग उमटला आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

आज दुपारी तिचा प्रबंध विद्यापीठात जाणार होता. सकाळी सिलिंडर बदलायला काकांनी आरगॉन बंद केला आणि सहज स्क्रीनकडे पाहिलं. डाग तसाच.

काकांनी सिलिंडर पुन्हा तपासला. बंदच. वायूच नाही, तर नवा प्रकाश येणार कुठून? म्हणजे चकतीला भोक आहे आणि दिसतोय तो मूळ लेसरच! भोक कुणी पाडलं, तेही उमगलं. पेटीत हवा हळूहळू सोडायची असते, नाहीतर तिच्या झटक्याने चकती फाटते, आणि डाग दिसायच्या आधी घाईत त्यांनीच हवेची झडप भसकन उघडली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"अगं, घात झाला," ते मुलीच्या टेबलापाशी येऊन म्हणाले. "आरगॉन बंद आहे आणि डाग जात नाहीये."

तिने मान वर केली नाही. "माहीत आहे, काका."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. आरगॉन सोडा ना परत, कुणाला कळणार नाही. तीन वर्षं झाली हो."

या पोरीला पाना हातात धरायला काकांनीच शिकवलं होतं. ते थेट सरांच्या खोलीत गेले.

"चकती माझ्या हातून फाटली. तो डाग खोटा आहे. प्रबंध थांबवा."

सर ताडकन उठले. "तिला हे ठाऊक होतं?"

"नाही," काका म्हणाले.

सरांशी ते पहिल्यांदाच खोटं बोलले होते. आणि बोलताना आवाज जरासुद्धा कापला नाही, याचा धक्का त्यांना सगळ्यात मोठा बसला.