डांबराला चाक न लावता

बातमी कळली तेव्हा मी आमच्या बेटाच्या राजधानीतून, पोर्ट लुईहून, त्रियोलेला घरी परतणाऱ्या बसमध्ये उभा होतो. आमच्या देवळातले एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "नामा, लालमती गावचा सखाराम गेला. दुपारी, बसल्या जागी." मी "बरं" म्हणालो. एवढंच. मग माझा थांबा आला आणि गेला, मी पार शेवटच्या थांब्यापर्यंत दांडा धरून तसाच उभा राहिलो. याला आता सहा आठवडे होतील. तेव्हापासून माझं बूड कुठं टेकत नाही. भरल्या ताटावरून उठतो, चालता चालता मागं फिरतो... बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. भिंगरी खरी सखारामच्या पायाला होती. मी आपला त्याच्या मागून धापा टाकत जाणारा.

सखाराम सरकारच्या रस्ते खात्यात कारकून होता आणि त्याला डांबराचा मनापासून तिटकारा होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमची ओळख झाली ती मराठीच्या संध्याकाळच्या वर्गात, दोघंही तिथं शिकवायचो. मुलांना बाराखडी शिकवून झाली की हा फळ्यावर खडूनं वाटा काढत बसायचा. कोणती कच्ची वाट आता पक्की होणार, हे त्याला ऑफिसातल्या कागदांवरून आधी कळे. मग शुक्रवारी माझ्या ऑफिसात फोन यायचा. "नामा, ब्रीझे वेर्दिएरच्या मागची वाट चालली रं. आइतवारी येतोस का?" चालली म्हणजे तिच्यावर डांबर पडणार. आजारी माणसाला भेटून यावं तसे आम्ही सायकलींवरून त्या वाटेला भेटून यायचो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, चाकाखाली खडी आणि लाल माती, आणि शेतांत रचलेले काळ्या दगडांचे ढीग हीच आमची खूण. ऊस उंच वाढला की ढीगही दिसेनासे व्हायचे आणि आम्ही तासभर गोल फिरून त्याच जागी यायचो. मी वैतागायचो. तो म्हणायचा, "बरं झालं, दोनदा बघितली."

त्याचा एक नियम होता. डांबरी रस्ता आडवा आला की सायकल खांद्यावर घ्यायची, पलीकडे जायचं आणि मगच चाक खाली टेकवायचं. एकदा एका म्हातारीनं काळजीनं विचारलं, "पंक्चर झाली का बाबा?" हा गंभीरपणे म्हणाला, "नाय मावशी, सोवळं हाय." मला हसू आवरेना आणि सायकल खांद्यावरून निसटून माझ्याच पायावर पडली.

या नियमावरच त्याचा मोठा बेत उभा होता. लालमतीहून निघायचं, ला निकोलिएरचा तलाव, पितों द्यु मिलियेचा तलाव, मग रानातून मार-ओ-वाकोआचा तलाव, आणि शेवटी गंगातलावावर जाऊन पाय धुवायचे. सगळं एका दिवसात, डांबराला चाक न लावता. अर्धी वाट आम्ही कितीदा तरी केली. धुक्यात चिंब होत, पायाला जळवा लावून घेत. पण दुसऱ्या तलावाच्या पुढं हरणांच्या शिकारीसाठी राखलेलं खासगी रान होतं, त्याला लोखंडी फाटक होतं, आणि फाटकावर राखणदार होता माझा मावसभाऊ लक्षुमन.

लक्षुमनशी माझं बोलणं बंद होतं. गणपती विसर्जनाच्या दिवशी मूर्ती त्याच्याकडं होती. नदीच्या पायऱ्या निसरड्या, हा एकेक पाऊल जपून टाकतोय, मागं लोक खोळंबलेले. मला धीर म्हणून नाही. मी पुढं होऊन मूर्ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच पाण्यात उतरलो. "चारचौघांत देव काढून घेतला माझ्या हातून," असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. पण चूक कबूल करायला माझी जीभ वळेना. फाटकापाशी आलो की मी झाडामागं उभा राहायचो आणि सखाराम नुसता म्हणायचा, "तू इचार त्याला." मी म्हणायचो, विचारतो. ऊसतोडणी होऊ दे, तुफान जाऊ दे, पोराची परीक्षा होऊ दे... त्यात वर्षं गेली. शेवटच्या भेटीतही त्याच्या ओट्यावर बसून मी तेच म्हटलं. तो हसला. "कॉरेक, ठीक हाय, नामा. फाटक काय पळून जात नाय."

गेल्या शनिवारी मी गेलो. बसनं आणि मग पायी. लक्षुमनचे केस पांढरे झालेत. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "लई येळ लावलास." मी नदीवरचं बोललो. चुकलं म्हणालो. मग सखाराम गेल्याचं सांगितलं.

"ठावं हाय. तो आलेला की माझ्याकडं. दोन बरसं झाली."

"कशाला?"

"वाट मागायला. मी म्हनलं, जा, फाटक उगडं हाय. तर म्हनतो, आज नको. नामा येऊन इचारल, मंग आमी दोघं येतो."

मला रडू यायच्या आधी राग आला. सखारामचा! दोन वर्षं वाट मोकळी होती आणि हा शहाणा माझ्यासाठी अडून बसला. मला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी लक्षुमनकडं कधीच गेलो नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लक्षुमननं चहा केला. आम्ही फाटकाजवळ उभ्यानंच प्यालो, आणि मी तडक लालमतीची बस धरली.

सखारामच्या ओट्यावर त्याची सायकल होती तिथंच होती, मडगार्डवर लाल माती तशीच. सवयीनं मी टायर दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट. एवढ्या आठवड्यांत हवा उतरायला हवी होती. सखारामची बायको राधावैनी पंप हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

"शनवारी संध्याकाळी हे हवा भरायचे न्हवं," त्या म्हणाल्या. "येळ झाली की माजा हात गप बसत नाय."

मी म्हटलं, "वैनी, सायकल उद्या नेऊ का? गंगातलावापर्यंत."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "भावजी, इचारलंत?"

"विचारलं," मी म्हणालो.

त्यांनी पंप खाली ठेवला आणि दुसऱ्या चाकाचं टोपण उघडलं.