गाडग्यातली दगडी ज्वारी

मी मूळची हिमायतनगरकडची, तोंडाची फटकळ. आमच्या संस्थेत नवी पोरं आली की आधी मला घाबरायची आणि आठवडाभरात माझ्याच टेबलाशी येऊन चहा मागायची. कृषीची पदवी घेतलेली ही पोरं-पोरी दोन-तीन वर्षं आमच्याकडं असत. लहान शेतकऱ्यानं घरच्या बियावर, विकतच्या खत-औषधाशिवाय, चार पिकं मिसळून शेती करावी म्हणून त्याच्यासोबत कसं राबायचं, हे त्यांना शिकवायचं. कॉलेजात नेमकं याच्या उलटं शिकून आलेली असायची सगळी. पहिल्या दिवशी मी दोनच गोष्टी सांगायचे. शेतकऱ्याच्या घरी जेवायला नाही म्हणायचं नाही, आणि शेतकऱ्याशी खोटं बोलायचं नाही. एवढं जमत नसेल त्यानं आत्ताच बस धरावी, असंही वर ठणकावायचे.

दुष्काळात आम्हाला लातूर जिल्हा नवा मिळाला. तोवर सगळं काम नांदेडात होतं, माणसं ओळखीची होती. इथं ओळख ना पाळख, आणि गावोगावी बायाबापड्या टँकरची वाट बघत घागरी मांडून बसलेल्या. अशात शेतीचं बोलायला जायचं म्हणजे आपलीच आपल्याला लाज वाटायची.

त्या तुकडीत कंधारची एक पोरगी होती. हळू बोलणारी, पण हट्टी. चाकूर तालुक्यातलं एक गाव तिच्या वाट्याला आलं. तिथं तिला कुणी बसासुद्धा म्हणेना. "औषध न मारता पीक येतंय का ताई? लई शिकलाव वाटतं तुम्ही," म्हणून पारावरची माणसं हसायची. ती मला फोन करून रडायची आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच पारावर जायची.

बसा म्हणाली ती एक आज्जी. लिंगायताच्या घरची, एकटीच राहायची. मुलगा पुण्याला कंपनीत होता. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही, आणि दारात आलेल्याला जेवू घातल्याशिवाय सोडायची नाही. सगळं गाव सोयाबीनच्या मागं गेलं तरी ही आपल्या रानात सासूच्या वेळची दगडी ज्वारीच पेरत राहिली होती. दगडी म्हणजे खरंच दगडी. दाणा दाताखाली धरला तर कट्ट वाजायचा. पाऊस कमी पडला तरी ती तग धरायची, आणि कडबा गुरं चाटूनपुसून खायची. पोरगी खूश झाली. आम्ही जे शिकवत होतो ते या बाईच्या रानात आधीच उभं होतं.

पण लागोपाठ दोन हंगाम कोरडे गेले आणि आज्जीच्या रानातलं पीकही गेलं. उरलं ते एका गाडग्यातलं बी. साऱ्या गावात ती ज्वारी तेवढीच. आज्जीच्या जावयानं दुकानातून बियाला लावायची कीड मारायची पावडर आणून दिली होती. पोरीनं ती लावू दिली नाही. दोघींनी मिळून बियात राख आणि कडुलिंबाचा पाला घातला आणि गाडग्याचं तोंड शेणानं लिंपलं. मला कळलं तेव्हा मी तिची पाठ थोपटली.

पुढं पोरीनं त्या गाडग्यासाठी जिवाचं रान केलं. पारावरच्या त्याच हसणाऱ्या माणसांच्या मागं ती वर्षभर लागली. भादव्यात एक बरा पाऊस झाला, जमिनीत ओल आली, आणि शेजारचे पाचसहा जण एकदाचे म्हणाले, "द्या मग आज्जीचं बी थोडंथोडं, आम्ही बी पेरताव." त्या दिवशी पोरीनं फोनवर मला बोलूच दिलं नाही, एवढी ती बोलत होती. बी वाटायचा दिवस ठरला. मी म्हटलं, सगळ्या तुकडीलाच घेऊन येते, बघू देत. शेजाऱ्याच्या फोनवरून आज्जीला निरोप गेला तो एवढाच की सगळी लेकरं येऊन राहिली.

आम्ही पोचलो तर आज्जीनं अंगण सारवून ठेवलेलं. आधी जेवण, मग काम, म्हणून तिनं सगळ्यांना ओळीनं बसवलं. वरण, कारळ्याची चटणी आणि गरम भाकरी. पोरं पहाटे निघालेली, तुटून पडली. मीही चवीनं खाल्लं. कंधारची पोरगी चुलीपाशी बसून वाढत होती आणि आज्जी तिला म्हणत होती, "तू बी खा की माय, वाळून गेलीस."

जेवणं झाली. शेजारची माणसं पिशव्या घेऊन ओट्यावर येऊन बसली. पोरगी हात धुऊन म्हणाली, "आज्जी, काढू का गाडगं?"

"कशाला?"

"बी वाटायचंय ना."

आज्जी हसली. "ते तर काल दळून आणलं की. आत्ता जेवलाव ते काय मग? घरात रेशनचा तांदूळच होता. एवढी लेकरं पहिल्यांदा दारात येणार, त्यांना भात घालू का?"

माझ्या तोंडात अजून त्या भाकरीची चव होती.

आज्जी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. "वर्षभर बी बी म्हणून तुम्हीच सांगून राहिलाव. मला वाटलं तुमच्या हापिसात पोत्यानं असंल." मग तिला काहीतरी उमगलं. ती उठली, फडताळाखालचं गाडगं ओढलं आणि सुपात पालथं करून बुडावर थापट्या मारल्या. राख पडली, वाळका पाला पडला. राखेत बोटं फिरवत ती दाणे शोधायला लागली. "का गं माय," तिनं मान वर न करता विचारलं, "न्हाई का तुमच्याकडं?"

दुकानचं बी असतं तर त्याला औषध लागलेलं असतं, ते कुणाच्या बापाला खाता आलं नसतं. आमचं बी खाता येत होतं, हेच आम्ही अभिमानानं सांगत फिरत होतो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी पोरगी आज्जीजवळ खाली बसली, तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि म्हणाली, "आहे की आज्जी. पोत्यानं आहे. हीच ज्वारी. पुढच्या आठवड्यात घेऊन येते."

"हाव का? मग बरं झालं," आज्जी म्हणाली. "माझं तर काळीजच हललं होतं."

माझी दुसरी शिकवण तिथंच मोडली आणि मी गप्प बसले. आज्जीनं उरलेल्या भाकरी फडक्यात बांधून पोरीच्या हातात दिल्या. बसमध्ये ती फडकं मांडीवर घेऊन चाकूर येईपर्यंत बसून होती. "मॅडम, खाऊ का ठेवू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, खा. ती रडत रडत खात होती आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

त्या आठवड्यात आम्ही ओळखीच्या सगळ्या गावांत विचारलं. दगडी कुणाकडंच निघाली नाही. शेवटी कंधारकडं तिच्या मामाच्या घरी जुनी एक ज्वारी मिळाली, दिसायला तशीच. तिनं ती खरंच पोत्यात भरली, एस.टी.च्या टपावर टाकली आणि चाकूरला नेली. आज्जीनं पेरली, शेजाऱ्यांनी पेरली. हंगाम बरा गेला. कणसं भरली.

सुगीला आज्जीनं आम्हा दोघींना मुद्दाम बोलावून घेतलं. रान दाखवलं, मग एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली. पोरगी माझ्यामागं उभी होती. आज्जीनं एक दाणा तोंडात टाकला आणि चावला. मी कान देऊन होते. काहीच वाजलं नाही.

आज्जी बराच वेळ तो दाणा चघळत राहिली. मग तिनं पोरीला पुढं ओढलं आणि उरलेले दाणे तिच्या हातावर ओतले.

"आपलीच हाय गं माय," ती म्हणाली. "चला, भाकरी टाकते."