अप्पांचा बँड आणि मुकी वरात

आमच्या बँडचे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत, ते आपोआप साठत गेले. दर वेळी काहीतरी बिघडायचं, आमची पाचावर धारण बसायची, आणि महिनाभरानं तीच गोष्ट कुणीतरी पोट धरून हसत सांगायचं. पण सांगताना हसू येतं म्हणून घडतानाही यायचं, असं समजू नका. माझे तर हात कापायचे! नशीब, मला खुळखुळा दिला होता. हात कापला तरी तो तालातच वाजतोय असं लोकांना वाटायचं.

तर आमचा बँड असा. क्लॅरिनेटवर मल्लिनाथअप्पा, बेंबळीत त्यांचं कापडाचं दुकान. पितळी कार्नेटवर शाळेतले बाबू मास्तर. मोठ्या ढोलावर महबूबभाई शिंपी. अप्पांच्या ओट्यावरच त्याचं मशीन असायचं. आणि त्याच दुकानात कापड फाडणारा मी, दिगू, खुळखुळ्यावर. बँडमध्ये खुळखुळा कुणाच्या हातात देतात ते तुम्हाला माहीतच आहे!

निजामी अंमल होता. वरातीत वाजवायचं तर ठाण्याची इजाजत लागायची. अप्पांच्या थोरलीच्या, सुंदराच्या लग्नात ती मिळालीच नाही. सांगितलेला बँड वेशीवरनं गाडी फिरवून निघून गेला आणि भरल्या गावातनं पोरीची वरात मुकी गेली. नुसता टापांचा आवाज. लोक मयताला आल्यासारखे खाली बघून चालत होते. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग त्यांनी कुठून कुठून जुनी वाद्यं गोळा केली आणि आम्हाला बसवून सांगितलं, "धाकटीची वरात मुकी जाऊ द्यायची न्हाय. दुसऱ्याचा बँड पळून जातो. आपला आसंल तर आपुन आडून बसू."

अडून बसणाऱ्यांत मीही आहे हे ऐकून मी धाकटीच्या, गौरीच्या लग्नाचे दिवस मोजायला लागलो.

*

पहिली सुपारी मिळाली ती सोलापूरच्या वाटेवरच्या एका खेड्यातली. आमची मोगलाई संपून इंग्रजांचा मुलूख लागायचा तिथं नाका होता. नवा माल पलीकडं नेला की जकात. जमादारानं आमची बैलगाडी अडवली, गोणपाट वर केलं, आणि पितळ चमकलेलं बघून त्याचे डोळेही चमकले.

"ये तो नवा माल है! बेचने कू लेजारे?"

"न्हाय हो साहेब," अप्पा म्हणाले, "आमचंच हाय. आमी वाजिवतो."

"हौ? तो बजाके बताओ."

झालं! अप्पांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं, समोरची वर्दी बघितली आणि त्यांचे ओठ असे कोरडे पडले की आतून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा फुंकलं तर कोंबडी दाबल्यासारखा आवाज आला. ते बघून मास्तरांनी कार्नेट खाली ठेवलं. मी घाबरून उगीचच खुळखुळा वाजवत राहिलो.

जमादारानं कपाळाला हात लावला. शिपायाला म्हणाला, "जाने दो इनकू. ऐसा बाजा कोई नै खरीदता!"

गाडी सुटली. अप्पा वाटभर क्लॅरिनेट पुसत राहिले. वर्दी समोर आली की त्यांचं वाजवणं बंद पडतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आणि गौरीची वरात निघाली की ती ठाण्यावरूनच जाणार, दुसरा रस्ताच नाही, हे मला तिथंच आठवलं.

*

महबूबभाईचं दुखणं वेगळं. ढोल वाजवायला लागला की तो डोळे मिटायचा. मिटले की मिटले! अप्पांनी हात वर केला काय, आम्ही थांबलो काय, त्याला पत्ता नसायचा.

ईट गावात वरात मारुतीच्या देवळाकडं वळली. आम्ही वळलो, नवरदेव वळला, करवल्या वळल्या. महबूबभाई सरळ गेला. देवळासमोर नारळ फुटला तेव्हा अप्पांनी मागं बघितलं. "आरं, ढोल कुठाय?"

आवाज येत होता, पण लांबून. आम्ही आवाजाच्या मागं धावलो. गडी गाव ओलांडून मळ्यात शिरलेला, पुढ्यात विहीर, आणि ह्याचं आपलं चालूच! मी मागून त्याचा सदरा धरून ओढला तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले. विहिरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "वरात कुठं गेली रे? तुमी लोकं लई चुकताव."

त्या दिवसापासून मला नवीन काम लागलं. उजव्या हातात खुळखुळा, डाव्या हातात महबूबभाईच्या सदऱ्याचं टोक. एकदा ओढलं की वळायचं, दोनदा ओढलं की थांबायचं. सगळा बँड माझ्या डाव्या हातावर चालतोय ह्या विचारानं मला भाकर गोड लागेना.

*

चांगला बँड कसा असतो ते तरी बघू म्हणून आम्ही धाराशिवच्या उरुसाला गेलो. तिथं सोलापूरकडचा बँड आलेला. लाल कोट, काळ्या टोप्या, आणि क्लॅरिनेटवाला तर काय वाजवत होता! लोक 'वाहवा' म्हणत होते आणि आम्ही चौघं खाली बघत होतो. मास्तर हळूच म्हणाले, "अप्पा, आपुन जे वाजिवतो त्याला काय म्हनायचं मग?"

वाजवून झाल्यावर अप्पांनी त्या क्लॅरिनेटवाल्याला गाठलंच. "तुमाला भ्या वाटत न्हाय व्हय?"

"वाटतं की! म्हणून तर टोपी डोळ्यांवर ओढतो. माणूस दिसलं नाही की भीती नाही."

अप्पांना गुरुमंत्रच मिळाला! दुकानातलं कापड काढून महबूबभाईला चार टोप्या शिवायला बसवलं. त्यानंही 'डोळ्यांवर' हे इतकं मनावर घेतलं की टोप्या थेट नाकावर आल्या.

लोहाऱ्याला त्या घालून गेलो. दाट तीथ होती, गावात एकाच वेळी दोन लग्नं. आम्हाला टोपीखालनं फक्त घोड्याचे पाय दिसत होते. घोड्याचे पाय दिसले म्हणून त्यांच्यापुढं लागलो आणि काय वाजवलं म्हणता! अप्पा एकदासुद्धा अडखळले नाहीत. मांडवाच्या दारात टोप्या वर केल्या तर नवरदेव भलताच!

आपला नवरदेव तिकडं वेशीत ताटकळलेला, आणि त्याचे भाऊबंद काठ्या घेऊन आम्हाला शोधत आलेले. मी खुळखुळा सदऱ्यात कोंबला. पण इकडच्या नवरदेवाचा बाप भलता खूश. अप्पांचे हात धरून म्हणाला, "आमी तर बँड सांगितलाच नव्हता हो. पर वाजिवला झकास. आता जेवल्याबिगर जायाचं न्हाय!"

जेवलो कसले! मागच्या दारानं पळालो. टोप्या तिथंच राहिल्या.

*

पुढं दिवस वाईट आले. चार माणसं एकत्र दिसली की विचारपूस व्हायची. आम्ही तालीम दुकानामागच्या खोलीत करायचो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ढोलाला घोंगडी गुंडाळून. पण घोंगडीतनं तो ढोल असा धप्प धप्प वाजायचा की शेजाऱ्यांना वाटायचं, अप्पा भिंत फोडतायत.

ठाण्यात नवीन अमीन, म्हणजे फौजदार, आलेला, आणि गौरीच्या लग्नात वाजवायचा अर्ज त्याच्याकडंच पडलेला. कडक माणूस, हसताना कुणी बघितला नव्हता. एक दिवस तोच दारात उभा! अप्पांचं क्लॅरिनेट तोंडातच राहिलं. मास्तरांनी कार्नेट मागं लपवायचा प्रयत्न केला, पण ते लपतंय थोडंच!

अमीनसाहेबानं एकेकाकडं बघितलं. मग म्हणाला, "शादी की इजाजत है. लेकिन पीपल से चावडी तक, ठाने के सामने, एक आवाज नहीं. आवाज आई तो बाजा जप्त. और मास्टर की नोकरी भी."

तो गेल्यावर मास्तर भिंतीला टेकून बसले. "अप्पा, घरात खानारी लई हायेत."

अप्पांनी आता कुठं क्लॅरिनेट तोंडातनं काढलं. मग म्हणाले, "ठान्यासमोर थांबू. तेवढं मुकं गेलं तर जाऊ द्या. बाकी गाव तर ऐकंल." आणि माझ्याकडं वळून, "दिगू, पिंपळ आला की सदरा दोनदा वढ. इसरू नगंस."

विसरतोय कसला! मी पंधरवडाभर स्वप्नात सदरे ओढत होतो.

*

गौरीच्या लग्नाला घोडं आणलं होतं आळंदकडनं. कानडी घोडेवाला, पांढरंशुभ्र घोडं, पायांत चाळ. लग्न लागलं, घोड्यावर नवरानवरी बसली आणि वरात निघाली. बाजारपेठेतनं आम्ही मनापासून वाजवलं. बायका दारांत येऊन बघत होत्या. अप्पांचा चेहरा इतका उजळलेला मी आधी कधी बघितला नव्हता.

पिंपळ आला. मी सदरा दोनदा ओढला. आणि महबूबभाई थांबला! एका दणक्यात, डोळे उघडून! मी मनातल्या मनात देवाला नारळ बोललो.

आणि घोडंही थांबलं. बरोबर ठाण्याच्या दारात.

घोडेवाल्यानं त्याच्या कानडीत "बा, बा", म्हणजे ये ये, म्हणत गोंजारलं, लगाम ओढला, पाठीवर थाप मारली. घोडं जागचं हलेना.

"आरं वढ की त्येला!" अप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"अप्पा, हे बाजावरच चालतंय. लहानपनापासनं तसंच शिकवलंय."

"मंग आदी का न्हाय सांगितलंस?"

"वरातीत बाजा बंद पडतोय व्हय कुठं?"

तेवढ्यात अमीनसाहेब बाहेर आला. "घोडा हटाओ!" दोन शिपायांनी मागून रेटलं. घोड्यानं शेपटी उचलली आणि ठाण्याच्या पायरीशीच लीद टाकली. महबूबभाई हात जोडून म्हणाला, "साब, बाजे के बगैर नै हिलता ये."

अमीनानं दात खाल्ले. "तो बजाओ!"

कुणी हललं नाही. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "फसवतोय. वाजिवलं की जप्ती."

"बजाओ बोला ना!"

अप्पांनी क्लॅरिनेट उचललं. समोर हातभरावर वर्दी. नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवा. घोड्यावर गौरी मान खाली घालून बसली होती. मुंडावळ्या थरथरत होत्या. पोरगी रडत होती. अप्पांनी तिच्याकडं बघितलं आणि अमीनाकडं सरळ पाठ फिरवली! लेकीकडं तोंड करून, उलटं चालत, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

असं त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. घोड्यानं मान उडवली, चाळ वाजले, एकेक पाऊल टाकत घोडं ठाण्याच्या दारापुढनं सरकलं. माझ्या जिवात जीव आला. आता चार पावलं, की सुटलो!

तेवढ्यात बायकांतनं सुंदरा पुढं आली. थोरली. कडेवर पोर. तिनं घोड्याचा लगाम धरला. आम्ही थांबलो, घोडं थांबलं.

"अप्पा," ती म्हणाली, "ही गौरीची झाली. आता माझी वाजवा."

अप्पांच्या हातातलं क्लॅरिनेट खाली आलं.

"क्या बोल रही है ये?" अमीनानं विचारलं.

महबूबभाई सांगायला लागला. हिची वरात ह्याच रस्त्यानं गेली, ह्याच ठाण्यानं इजाजत दिली नव्हती, बाजा नव्हता, पोरगी मुक्यानं सासरी गेली. मी सदरा दोनदा ओढला. पुन्हा दोनदा ओढला. पण तो बोलायचा थांबला नाही.

अमीनसाहेब सुंदराकडं बघत उभा राहिला. मग शिपायाकडं वळला आणि म्हणाला, "कुर्सी लाओ."

खुर्ची आली. ठाण्याच्या दारात, लिदीच्या बाजूला ती मांडली. अमीनसाहेब टोपी काढून तिच्यावर बसला.

महबूबभाईनं डोळे मिटले. मी त्याच्या सदऱ्याचं टोक सोडून दिलं.