प्रागच्या घड्याळाखाली

नवऱ्याच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीमुळे आम्ही आयर्लंडमधल्या एनिस गावी आलो आणि मला तिथल्या एका छोट्या टूर कंपनीत काम मिळालं. कंपनी आयरिश निवृत्त मंडळींना प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी सहल घडवायची. बरीच वर्षं मी नुसती बुकिंगं घेतली. टूर मॅनेजर म्हणून माझी पहिली टूर २०२० च्या वसंतात निघायची होती. ती रद्द झाली.

ऑफिस बंद, नवरा कोविड वॉर्डात ड्युटीवर. घरात मी आणि सासूबाई. सासरे गेल्यावर त्या कोल्हापूरहून कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या. घरापासून फार लांब जायला बंदी होती, म्हणून आम्ही दोघी रोज नदीकाठी फिरायचो.

"एकटीच काय पुटपुटतीयास?" एकदा त्यांनी विचारलं.

"टूरची प्रॅक्टिस करतेय, आई. नाहीतर सगळं विसरेन."

"मग मोठ्यानं सांग की. मला बी कळू दे."

मग मी त्यांना मराठीतून प्राग दाखवू लागले. त्या कंटाळल्या की लगेच सांगायच्या, "राजाचं साल ऱ्हाऊ दे. त्यानं केलं काय, ते सांग." मी सालं गाळली, गोष्टी ठेवल्या. प्रागच्या घड्याळावरच्या सांगाड्याला तर त्या यमच म्हणायच्या.

२०२१ च्या शरद ऋतूत टूर पुन्हा सुरू झाल्या. एक सीट रिकामी होती, तिथे मी सासूबाईंचं तिकीट काढलं. डब्लिन एअरपोर्टवर केरी जिल्ह्याचे एक आजोबा माझ्याजवळ आले आणि टूर मॅनेजर कुठे दिसतोय का, असं मलाच विचारू लागले. मी म्हटलं, "मीच." ते "ग्रँड, ग्रँड", म्हणजे छान छान, म्हणाले खरे, पण माझ्याकडे जरा साशंकपणेच बघत राहिले.

प्रागला पहिल्याच सकाळी शहर दाखवणाऱ्या स्थानिक गाईडचा फोन आला. त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. बदली माणूस मिळेना. लोक मास्क लावून हॉटेलच्या लॉबीत उभे होते. मी म्हटलं, "आज शहर मीच दाखवते."

जुन्या चौकात त्या प्रसिद्ध घड्याळाखाली पोचलो. एवढे चेहरे माझ्याकडे बघतायत आणि मला एकही वाक्य आठवेना. तेवढ्यात सासूबाई शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "यमाचं सांग की गं."

आणि सगळं आठवलं. मी वर बोट दाखवून इंग्रजीत सांगायला लागले: तास भरला की तो सांगाडा घंटा वाजवतो, चला म्हणतो. आणि बाजूचे लोक, आरसा घेतलेला तो आणि थैली धरलेला तो, माना हलवून म्हणतात, नाही, आत्ता नाही. तेवढ्यात घंटा झाली. पुतळ्यांनी खरंच माना हलवल्या.

माझी मंडळी मान वर करून बघत होती. दोन वर्षांत त्यातल्या कित्येकांनी जवळची माणसं गमावली होती. मग केरीचे आजोबा सांगाड्याकडे बघून म्हणाले, "युअर मॅन," म्हणजे तो गडी, "वर उभा आहे, राहू दे त्याला तिथेच." सगळे हसले. त्यानंतर नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत मी थांबलेच नाही. लोक प्रश्न विचारत होते आणि मला उत्तरं येत होती. इतक्या वर्षांत मला स्वतःचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

व्हिएन्नाला गाईडबाई वेळेवर हजर होत्या. हुशार, अनुभवी, लायसन्सवाल्या. सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, तरी त्यांनी हाताची घडी घालून सगळं ऐकून घेतलं. राजवाड्याच्या बागेत बाकावर बसल्यावर मी विचारलं, "कशी वाटली गाईड?"

"बरी हाय," त्या गुडघे चोळत म्हणाल्या. "पण तिच्या बोलण्यावर कुणी हसलं न्हाई. तू सांगतीस तवा माणसं जवळ येत्यात."

मग त्यांनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि सगळ्यात आधी केरीच्या आजोबांपुढे धरला.