पाच काळ्या पट्ट्यांची चाल

जुन्या पेटीचा भाता उघडला की दमट लाकडाचा वास येतो आणि मला आगरदांड्याची शाळा आठवते. मी तिथे नवीनच शिक्षिका होते. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी पेटी उघडली, तर खाऱ्या हवेने फुगून पांढऱ्या पट्ट्या रुतून बसलेल्या. काळ्या तेवढ्या वाजत होत्या. मुलींचं बसवलेलं स्वागतगीत वाजेना. "दुसरी चाल बांधते," मी म्हटलं. "चाल बांधणं बाईमाणसाचं काम नव्हे. गाणं रद्द करा," मुख्याध्यापक म्हणाले. ते फार लागलं. काळी तीनवर सा धरला तर भूप रागाचे पाचही सूर काळ्या पट्ट्यांवरच सापडतात, हे मला ठाऊक होतं. गाणं रद्द न करता पेटी घेऊन मी बंदराच्या धक्क्याजवळ सावलीत बसले. समोर पलीकडच्या दिघीला जाणारी होडी भरतीवर डुलत होती. सुचलेल्या पहिल्या ओळी ऐकलेल्याच वाटल्या, त्या टाकल्या. मग पंचमावरून खाली यायच्या ऐवजी धैवताला स्पर्श करून थेट वरच्या षड्जावर गेले, आणि अंगावर काटा आला. शब्द तेच, चाल माझी! दुपारभर ती मुलींकडून घोकून घेतली. संध्याकाळी दुसऱ्या कडव्याला अख्ख्या मांडवाने टाळ्यांचा ठेका धरला. गाणं संपताच पुढे बसलेली म्हातारी कोळीण ओरडली, "बाय, ही चाल कुनाची गो?" मुख्याध्यापकांकडे बघत मी मोठ्याने म्हणाले, "माझी." "व्हय? मंग परत म्हना!" मुलींनी परत म्हटलं, आणि या खेपेला ठेका धरणाऱ्यांत मुख्याध्यापकही होते. पुढे मी पुष्कळ चाली बांधल्या. पण "माझी" असं इतक्या मोठ्याने पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.