लाकडी पेटी

हे मी कुणाशीच बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, ज्या वहिनीचा हा अपराध केला तिच्याशी तर नाहीच. वहिनी गेली. कालच तिचं तेरावं झालं. आता तुम्हाला सांगते, अडखळत सांगेन, पण पूर्ण सांगेन.

आमचं घर मिरजगावचं, शेतीचं. घरात मॅट्रिकपर्यंत शिकलेली मी एकटी. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं, सरकारी कागद आला तर अर्थ सांगायचा – सगळं माझ्याकडे. मी म्हणेन ते खरं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी मंगल. दोन वर्षांची झाली तरी बोलेना. बायका म्हणायच्या, "हिचा बापबी उशिराच बोलला." वहिनीला ते पटत नव्हतं. एकदा तिच्या हातून पितळी परात पडली, मांजर उठून पळालं, शेजारीच झोपलेली मंगल हललीसुद्धा नाही. वहिनीनं ते मनात धरलं. आबांना – माझ्या वडिलांना – म्हणाली, "पोरीला नगरच्या दवाखान्यात दाखवू." आबा म्हणाले, "एवढ्या लांब कशाला? आपली शिकल्याली लेक हाय की घरात. तीच बघंल."

आणि मी बघितलं. त्याच दुपारी, घरात कुणी नसताना.

मंगलला धान्याच्या मोठ्या लाकडी पेटीवर बसवलं, पुढ्यात शेंगा ठेवल्या. मागे उभी राहून थाळी वाजवली. ती शेंगा सोलत राहिली. जोरात वाजवली, तरी तेच. मग पुढे झुकले आणि माझा गुडघा पेटीला लागला – मंगलनं वळून पाहिलं. हसली. मी पुन्हा नुसती थाळी वाजवली, काही नाही. नुसता गुडघा लावला, पेटीच्या हादऱ्यानं वळली.

म्हणजे मला कळलं. शंका नव्हती, अंदाज नव्हता. कळलं.

त्याच आठवड्यात कोल्हारची मंडळी मला बघायला येणार होती. प्रवरेकाठचं बागायती घर, मुलगा शिकलेला, घरात पुस्तकांचं कपाट आहे असं ऐकलेलं. घरात बहिरं मूल आहे हे कळलं तर? ते रक्तातच असतं असं लोक तेव्हा सर्रास म्हणायचे. मला ते कपाट हवं होतं. मोठं कारण असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. पण कारण एवढंच होतं.

संध्याकाळी सगळे जमले. मी मंगलला पेटीवर बसवलं. थाळी वाजवली – आणि लुगड्याच्या आडून गुडघा पेटीवर आपटला. मंगल वळली. पुन्हा वाजवली, पुन्हा आपटला, पुन्हा वळली.

"घ्या!" आबा हसले. "ऐकू येतंय की! आईवर गेलीया, हट्टी हाय नुसती."

वहिनीही हसली. डोळे पुसत हसली. म्हणाली, "वन्सं, तुमी होता म्हणून बरं. मी उगंच जिवाला घोर लावून घेतला."

माझं लग्न झालं. मी कोल्हारला गेले.

मागे काय झालं असेल, याचा मी विचार केला होता का? नाही. केला नाही. मंगलला ऐकू येतं, असं आता घरानं धरलं होतं. म्हणजे हाक मारली की तिनं आलंच पाहिजे. वहिनी चुलीपाशी पाठमोरी बसून हाका मारायची, पोर बघायची नाही. मग वहिनी उठायची आणि एक ठेवून द्यायची. मुद्दाम करते, हट्टी आहे – हे शब्द माझ्या थाळीतून निघालेले.

पुढे दुष्काळ पडला. जमीन असूनही अण्णा-वहिनी खडीच्या कामावर गेले. तिथे सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी व्हायची. एकदा शिट्टी झाली, सगळी पोरं धावत बाजूला झाली आणि मंगल तिथंच खडे रचत बसली. वहिनी पाटी टाकून धावली, तिला उचलून आडोशाला पडली. त्या दिवशी तिला कळलं. कुणाला न विचारता ती पोरीला कडेवर घेऊन नगरला गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अजून वेळ गेलेली नाही. उजेडात, तिच्यासमोर बसून बोला. जी वस्तू हातात, तिचंच नाव घ्या. तिचा हात तुमच्या गळ्यावर ठेवा. ती खुणा करते, त्या अडवू नका, तुम्हीही करा.

वहिनीनं ते धरलं ते सोडलं नाही. दारात, उजेडाकडे तोंड करून भाकरी थापायला बसायची. आमच्याकडे सासऱ्यासमोर बोलताना सुना तोंडाला पदर लावत. वहिनीनं तो काढला. आबा चिडले. "सासऱ्याम्होरं उघड्या तोंडानं बोलतीस? लाज हाय का न्हाई?"

"पदर डोक्यावर हाय, आबा," वहिनी म्हणाली. "तोंडावर न्हाई यायचा. पोरगी माझ्या तोंडाकडं बघून शिकती."

आणि मंगल शिकली. आधी 'बाक', मग कितीतरी दिवसांनी 'भाकर'. थोडं बोलते, बरंच हातांनी सांगते, समोरच्याचे ओठ वाचते. आज तिला नातू आहे.

पण वहिनी एक गोष्ट विसरली नाही. मी माहेरी गेले की ती कधीतरी म्हणायचीच, "वन्सं, ऐकूच येत नव्हतं तिला, आन् मी मारलं. कोणती आई आसं करंल?" मी म्हणायची, "तुम्हाला कुठं ठाऊक होतं?" मला ठाऊक होतं. एका वाक्यानं तिच्या मनावरचा तो दगड उचलता आला असता. आजारपणात, माझा हात धरून, तिनं तेच पुन्हा म्हटलं. मी तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

वहिनी तो दगड घेऊनच गेली. त्याला आता इलाज नाही.

तेराव्याला आलेली मंगल अजून इथंच, मिरजगावात आहे. उद्या सकाळी मी तिला त्या पेटीवर बसवणार आहे, पेटी अजून तिथंच आहे. मागून गुडघा आपटणार आहे. ती वळून पाहील. मग समोर येऊन, दारातल्या उजेडाकडे तोंड करून, सांगणार आहे. इतकी वर्षं मंगलशी बोलताना माझा हात आपोआप पदराकडे जायचा. ती जुनी रीत आहे, असं मी म्हणत असे. उद्या पदर खोचून बसेन.

आज आरशापुढे वाक्यं म्हणून पाहिली. लांब वाक्यं ओठांवर नीट दिसत नाहीत. म्हणून छोटी निवडली आहेत.

मला माहीत होतं. मी खोटं बोलले. तुझ्या आईची चूक नव्हती.